सोलापूरहून नेलेले पाणी

"लग्नाला जायचं, चर्चमध्ये उभं राहायचं, आशीर्वाद द्यायचा. पण तिकडं सांगोल्याकडं त्यांच्या घरी जाऊन काही खायचं-प्यायचं नाही," दादांनी दौंडच्या फलाटावर आम्हा सगळ्यांना बजावले. सोलापूरची गाडी यायची होती. दादा म्हणजे माझे थोरले चुलतभाऊ आणि नगरला आमच्या मंडळीचे वडील (चर्चचा कारभार पाहणारे पंच). त्यांच्यापुढे आमच्या घरात सहसा कोणी बोलत नाही.

मी बोललो. "दादा, मग आशीर्वाद तरी कशाला द्यायचा?"

"यशवंता, तू छापखान्याचा हिशेब बघ. मंडळीचा मी बघतो."

लग्न माझ्या भाचीचे होते. रूथ ही माझ्या विधवा बहिणीची, एस्तेरची, एकुलती मुलगी. सोलापुरात नर्स आहे. तिने पसंत केलेला पौलस सांगोल्याजवळच्या एका खेड्यातला शाळामास्तर. मुलगा ख्रिस्ती, निर्व्यसनी, नोकरी कायम. मी स्वतः चौकशी केली होती आणि कुठे खोट सापडली नव्हती. दादांना सापडली ती अशी, की आमचे पणजोबा महारवाड्यातून ख्रिस्ती झाले आणि पौलसचे आजोबा मांगवाड्यातून. दोघांचा बाप्तिस्मा एकाच प्रभूच्या नावाने झाला, दोघांची लेकरे एकाच गायनपुस्तकातून गातात. पण गावाने आम्हाला ज्या दोरीने लांब ठेवले होते, ती दोरी येताना आम्ही गुंडाळून बरोबर आणली. आता तीच दोरी आम्ही आमच्यातल्याच माणसांपुढे आडवी धरतो.

त्र्याहत्तरचा मे महिना होता. गाडीच्या खिडकीतून हिरवे म्हणून काही दिसेना. जेऊरला गाडी थांबली तेव्हा फलाटावरच्या नळाभोवती घागरींची रांग होती आणि नळ कोरडाच होता. बाया घागरीवर बसून गाडीतल्या माणसांकडे बघत होत्या. मोहोळच्या पुढे सीना नदीवर पूल लागला. पूल होता, नदी नव्हती.

सोलापुरात भवानी पेठेत एस्तेरची खोली आहे. दोन्ही बाजूंना यंत्रमागवाल्यांची घरे, त्यामुळे बोलायचे ते खटखटाटावर आवाज चढवून. शेजारची तेलुगू मंडळी आमच्या लग्नासाठी आपल्या खोल्या रिकाम्या करून देऊन स्वतः ओट्यावर झोपायला गेली होती. त्यांनी आमचा वाडा विचारला नाही. जेवायला कडक भाकरी (पातळ थापून खडखडीत भाजलेली ज्वारीची भाकरी, महिनाभर टिकते) आणि शेंगांची चटणी. आमच्या सौ.नी पहिला घास मोडला तेव्हा त्यांना वाटले दातच मोडला.

लग्न छान लागले. रूथला वेदीपर्यंत मीच नेले. पाळक साहेबांनी प्रीतीवर उपदेश केला आणि दादांनी मोठ्याने आमेन म्हटले. दुपारचे जेवण आमच्या बाजूचे होते, तेव्हा सगळे जेवले. पौलसची माणसेही आमच्या पंगतीत बसली. आमच्या हातचे त्यांना चालते, ही गोष्ट दादांना अगदी योग्य वाटली.

संध्याकाळी वऱ्हाड निघण्याआधी रूथने मला जिन्याखाली बोलावले. डोळे कोरडे होते. लहानपणापासून ती रडण्याऐवजी अटी घालते.

"मामा, उद्या तुम्ही सगळे आमच्याकडं परतीच्या जेवणाला येणार. दारात मी पाणी घेऊन उभी असेन. माझ्या नव्या घरचं पहिलं पाणी. ते जे घेणार नाहीत, त्यांच्या घरी मी माहेरची म्हणून पुन्हा येणार नाही."

"आणि तुझी आई? ती दादांच्या शब्दाबाहेर जात नाही, तुला माहीत आहे."

"आईच्या घरीही नाही," ती म्हणाली. तेवढे म्हणताना मात्र तिने जिन्याचा कठडा धरला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही एस.टी. स्टँडवर गेलो तेव्हा आमच्या सामानात दूधवाल्याचा ॲल्युमिनियमचा कॅन होता. काठोकाठ पाणी, वर ओला फडका बांधलेला.

"हे काय?" मी एस्तेरला विचारले.

"दादांनी भरायला सांगितला." ती माझ्याकडे बघेना. "तिकडं दुष्काळ आहे ना, भाऊ. त्यांच्यावर आपला भार नको, म्हणाले. भाकरीही बांधल्यात आपापल्या."

ऐकायला किती चांगले! कुणाला वाटेल केवढी ही दया. मी हिशेबनीस आहे, त्यामुळे माझ्या डोक्यात लगेच भागाकार झाला. कॅन वीस लिटरचा, आम्ही माणसे चौदा. माणशी दीड लिटरही नाही. एवढ्या पाण्याने त्या घराचा भार हलका होणार नव्हता. वेगळे राहायला मात्र ते अगदी पुरेसे होते.

कंडक्टर कॅनला हात लावून म्हणाला, "दूध हाय का?"

"पाणी आहे."

"पाणी? सांगोल्याला?" त्याने टोपी मागे सारली. "आवो, दारू नेल्याली बघितली, मेंढरं नेल्याली बघितली. पाण्याच्या लगेजचं तिकीट आजवर फाडलं न्हाय मी. ऱ्हाऊ द्या, न्या तसंच. पुण्य हाय." सगळी गाडी हसली. दादाही हसले.

मंगळवेढ्याच्या अलीकडे टायर बसला. आम्ही उतरलो. सावली म्हणजे गाडीचीच. रस्त्याच्या कडेला दुष्काळी काम चालू होते; बाया खडी फोडत होत्या. त्यांचा पाण्याचा टँकर आला नव्हता. एक बाई हातोडा ठेवून आमच्याकडे आली. ओठांवर धूळ बसलेली.

"पानी हाय का वो त्यात? घोटभर द्या की."

दादा म्हणाले, "बाई, ते लग्नाचं पाणी आहे."

मी फडका सोडला आणि तिला तांब्या भरून दिला. ती अर्धा प्यायली, उरलेला मागच्या बाईकडे दिला आणि तोंड पुसत म्हणाली, "नवरदेवाच्या घरी पानी न्हाय व्हय?"

"आहे की," आमच्या सौ. म्हणाल्या.

"मग ह्ये कशापायी?"

दादांनी कॅनवर फडका पुन्हा बांधला. ती थोडा वेळ थांबली आणि पुन्हा खडीकडे गेली. एस्तेर गाडीच्या चाकाकडे बघत राहिली.

दुपारी बाराच्या सुमारास आम्ही पोहोचलो. गावाबाहेर दहा-बारा घरे, एक कडुनिंब, आणि त्याखाली शेणाने सारवलेली जागा, जिच्यावर आमच्यासाठी पंगत मांडली होती. पौलसचे वडील याकोबबाबा उन्हात रस्त्यापर्यंत आले. "सलाम, पाव्हणं, सलाम! लई येळ लागला. टायर फुटला जनू?" मटणाचा वास येत होता. भाकरी मिलोची (रेशनवर मिळणारी परदेशी तांबडी ज्वारी) होती. "काळी पडत्या ह्ये भाकरी, पर कालवनात खपून जातीय," याकोबबाबा म्हणाले. पिण्याचे पाणी टँकरचे, घरातल्या बायांनी रात्रभर रांग लावून मिळवलेले. उंबऱ्याशेजारी मोठा रांजण होता, त्यावर झाकण, झाकणावर पितळी तांब्या.

रूथ दारात उभी होती. डोक्यावर पदर, हातात भरलेला तांब्या. तिने तो दादांपुढे धरला, कारण ते सगळ्यांत वडील.

दादांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पोरी, राहू दे. दुष्काळ आहे. आम्ही आमचं पाणी आणलंय. भाकरीही आहेत. तुमच्यावर भार नको."

याकोबबाबांचे हसू जिथल्या तिथे थांबले. "पानी आणलं तुमी? आवो दादा, जेवनाचा मान आमचा हाय. पाव्हण्यानं पानी आणायचं?" मग त्यांना कळले. तसे कळायची ती पहिली वेळ नसणार. ते एक पाऊल मागे सरले आणि उपरण्याने हात पुसू लागले. हात कोरडेच होते. पौलस काही बोलायला निघाला होता, त्यांनी त्याला डोळ्यांनी थांबवले.

रूथने तांब्या खाली घेतला नाही. ती तशीच उभी राहिली आणि माझ्याकडे बघू लागली.

पाणी सांडून टाकावे असे क्षणभर माझ्या मनात आले. पण त्या उन्हात, त्या गावात पाणी मातीत ओतणे हे पापच झाले असते. मी कॅन उचलला. जवळजवळ वीस लिटर पाणी पन्नाशीच्या माणसाला जड असते. पौलसने दुसरी कडी धरली. मी रांजणावरचे झाकण काढले आणि सगळा कॅन त्यात उपडा केला. सोलापूरचे पाणी सांगोल्याच्या पाण्यात गेले. आता त्यातले कुठले कुणाचे, हे निवडायला देवदूतही आला असता तरी जमले नसते.

"यशवंता!" दादा ओरडले. "काय केलंस हे?"

"भार कमी केला, दादा. त्यासाठीच आणलं होतं ना?"

कोणीतरी फिसकन हसले. याकोबबाबाच असावेत.

"मंडळीत तोंड दाखवायला जागा ठेवली नाहीस."

"मंडळी इथंच आहे. आपला प्रभू परक्या जातीच्या बाईकडे विहिरीवर बसून पाणी मागत होता. जाताना घरून कॅन भरून नेला नव्हता त्याने. प्रीती करा ही आज्ञा आहे, दादा. तिला पोटकलम जोडायचा अधिकार तुम्हाला कोणी दिला?"

मी रिकामा कॅन खाली ठेवला आणि रांजणाजवळच उभा राहिलो.

रूथने हातातला तांब्या रांजणात रिकामा करून पुन्हा बुडवला. या वेळी तो तिने आईपुढे धरला. एस्तेरने आधी दादांकडे पाहिले. नवरा गेल्यापासून प्रत्येक गोष्ट तिने त्यांना विचारून केली आहे. मग तिने लेकीकडे पाहिले. तांब्या घेतला, तो वर धरून ओतून प्यायली नाही. ओठांना लावून प्यायली. सगळा संपवला. हनुवटीवरून ओघळलेले पाणी पदराने पुसले आणि म्हणाली, "गार आहे ग."

त्यानंतर बहुतेक सगळे प्यायले. दादा, त्यांच्या पत्नी आणि दोन पुतणे बाजूला बसले. पंगत बसली तेव्हा याकोबबाबा, काही झालेच नाही अशा आवाजात, दादांना म्हणाले, "वडील, तुमी प्रार्थना करा जेवनाची." तो टोमणा नव्हता, त्यांच्या घरची रीत होती.

दादा उठू लागले. मी म्हणालो, "प्रार्थना केली की जेवावं लागेल."

दादा पुन्हा खाली बसले. प्रार्थना एस्तेरने केली. चार वाक्यांची, पण कडुनिंबाखाली सगळ्यांना ऐकू गेली. आमेन म्हणता म्हणता आमच्या वहिनी, म्हणजे दादांच्या सौभाग्यवती, नवऱ्याजवळून उठल्या आणि पंगतीत माझ्या शेजारी येऊन बसल्या. "मला भूक लागलीय," त्या कोणालाही न विचारता म्हणाल्या, "आणि मटण निवल्यावर घशात बसतं."

निघताना याकोबबाबांनी कॅन परत दिला. भांडे रिकामे देत नाहीत म्हणून त्यात रांजणातले चार तांबे पाणी होते. मी नको म्हणालो. "असू द्या की," ते म्हणाले, "पुन्यांदा टायर बसला तर? ती खडी फोडनारी बाई हाय न्हवं वाटंला?" तिची गोष्ट त्यांना एस्तेरने सांगितली होती.

परतीच्या गाडीत तो कॅन दादांच्या पायाशीच ठेवलेला होता. त्यांचे ओठ सुकले होते, पण त्यांनी तिकडे हात नेला नाही. मंगळवेढ्याला गाडी थांबताच ते उतरले आणि स्टँडवरच्या पाणपोईवर गेले. ओंजळ धरली आणि पोटभर प्यायले. ओतणारा माणूस कुठल्या घरचा, हे त्यांनी विचारले नाही. मी खिडकीतून पाहत होतो. त्यांनी वर पाहिले, आमची नजरानजर झाली. हिशेब समोर मांडलेला असला की मोठ्याने वाचावा लागत नाही.

भवानी पेठेत पोहोचल्यावर एस्तेरने कॅन स्वतः उचलून आत नेला आणि उरलेले पाणी आपल्या माठात ओतले. "रूथ येईल तेव्हा तिच्या घरचं पाणी या घरात असायला पाहिजे," ती म्हणाली. मग दाराकडे पाहत, मागांच्या खटखटाटावर आवाज चढवून म्हणाली, "आणि दादा येतील तेव्हाही. माठ एकच आहे माझ्याकडं."

मी नगरला परत आलो त्याला आता महिना होईल. रविवारी दादा माझ्या बाकावर बसत नाहीत. माझ्या दोन्ही मुलींच्या लग्नाला येणार नाहीत, असा निरोपही त्यांनी पाठवला आहे. त्यांना मी उलट निरोप धाडला: आमंत्रण येईलच, पंगत एकच असेल, आणि पाण्याच्या रांजणाजवळ याकोबबाबा उभे असतील.