काकूंनी शिवलेला फ्रॉक

डोंबिवलीच्या आमच्या चाळीत समोरच्या काकू घरातल्याच काय, अख्ख्या मजल्यावरच्या पोरींचे फ्रॉक शिवायच्या. उन्हाळ्यात गॅलरीत पापड वाळत घालून तिथेच मशीन मांडायच्या. मापाला टेप कधी लावला नाही. पोरीकडे नुसत्या टक लावून बघायच्या. पोरी वाढतात म्हणून घेराला आतून चार बोटं कापड दुमडायच्या आणि दर दिवाळीला त्यातलं थोडं उसवून फ्रॉक लांब करायच्या.

यंदा माझ्या मुलीच्या फ्रॉकला आत कापडच नव्हतं.

“काकू, वाढवायला काही ठेवलं नाहीत?”

“लागायचं नाही गं,” सुईत दोरा ओवत त्या मायेने म्हणाल्या.

घरी येऊन मी घेराला पट्टी जोडली. दुसऱ्या दिवशी दोरीवरचा फ्रॉक गायब झाला. संध्याकाळी काकूंनी तो इस्त्री करून आणून दिला. पट्टी टाका न् टाका उसवून तिची वेगळी घडी घातली होती.