लाल काठ बाहेर

"अरे, तुह्या डब्यानं माह्या भुलाबाया गिळल्या रे! ये इकडं, पाह्य! सगळ्याच्या सगळ्या गिळल्या!"

आत्याचा आवाज एवढा चढला, की स्टेशनात उभी असलेली छोटी लाइनची, म्हणजे नॅरोगेजची, गाडी शिट्टी समजून सुटली. मी खोटं बोलत नाही. त्या सकाळी गाडी अगदी वेळेवर सुटली, आणि मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात या गोष्टीला दुसरं कोणतंही कारण देता येत नाही.

दसऱ्याचा दुसरा दिवस होता. मी दात घासत अंगणात उभा होतो, तसाच फेसाच्या तोंडानं आत धावलो. पुढच्या खोलीत आमचा कंप्युटर, त्याच्या माथ्यावर झेंडूचं फूल, कपाळावर कुंकू, आणि समोर कमरेवर हात ठेवून आत्या. कोण कोणाला घाबरलंय हे पाहताक्षणी कळत होतं.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. बैहरकडच्या सरकारी शाळांत तिनं आयुष्यभर पोरांकडून हिंदीत पाढे म्हणून घेतले, आणि रिटायर झाल्यावर आमच्याकडे राहायला आली. आवाज जंगलात कमावलेला. तिनं वर्गात 'बैठ जाओ' म्हटलं की खिडकीबाहेरच्या म्हशीही बसत, असं तिचे जुने विद्यार्थी अजून सांगतात. त्यांतले काही आता म्हशींचाच धंदा करतात, म्हणजे त्यांना माहीत असणार.

आणि कंप्युटर माझा. नागपूरहून सेकंडहँड आणलेला, चार-आठ-सहा या जुन्या जातीचा. चालू केला की छतावरचा बल्ब लाजून अर्धा होई. पण परसवाड्यापासून तिरोडीपर्यंत जेवढे म्हणून कंप्युटर होते, ते सगळे आजारपणात माझ्याच हाताखालून गेलेले. ते सगळे मिळून एका बैलगाडीत मावले असते, ही गोष्ट वेगळी. डॉक्टर एकच असला की तोच सगळ्यात मोठा असतो.

आता भुलाबाया, म्हणजे भुलाबाईची गाणी, कशी गिळली ते सांगतो. आमच्या भागात भादव्याच्या पुनवेला घरोघर भुलाबाई बसते, आणि कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी पोरी तिच्यापुढं गाणी म्हणतात, मग झाकलेली खिरापत ओळखतात. पण बालाघाटच्या पोरी हिंदीत वाढलेल्या. खिरापत त्या बरोबर ओळखत, गाण्याला मात्र दुसऱ्या ओळीनंतर नुसत्या गुणगुणत. आत्याला ते सहन होईना. दोन वर्षं ती महाराष्ट्राच्या सरहद्दीवरची गावं फिरली, म्हाताऱ्यांच्या ओसऱ्यांवर बसली आणि गाणी उतरवून आणली. पाकिटांवर, पिशव्यांवर, बसच्या तिकिटांवरसुद्धा. मग ती सांगे आणि मी टाइप करी. या कोजागिरीला प्रत्येक पोरीच्या हातात छापलेली गाणी द्यायची, असं तिनं अख्ख्या मोहल्ल्यात जाहीर केलं होतं. आणि कोजागिरी आता तोंडावर आली होती.

त्यात एक गाणं तिच्या जिवाचं होतं. भुलाबाई माहेरी निघते आणि वाटेत नदी आडवी येते. बाकी सगळ्या गावांत ती काठावरून रडत परतते. तिरोडीकडच्या एका म्हातारीच्या गाण्यात मात्र ती नदी ओलांडून जाते. ते शेवटचं कडवं फक्त त्या म्हातारीला येत होतं, आणि म्हातारी उन्हाळ्यात गेली.

"चाल आहे रे ओठावर," आत्या म्हणाली, आणि आता तिचा आवाज एकदम खाली आला. तेव्हा मला खरी भीती वाटली. "पाण्यात पाय टाकते तिथवर येते. पुढचे शब्दच येऊन नाही राह्यले. पहाटे बटण दाबलं तं गाणी दिसेच ना, तवापासून म्हणून पाह्यलं."

"कागद असतील नं?"

"नवरात्राच्या सफाईत रद्दीत गेले. तूच म्हणे, कंप्युटरात गेलं की अमर होते."

"मग फ्लॉपी आण. मी कॉपी करून दिलती तुले."

फ्लॉपी तिनं देवघरातून आणली, ताटलीत. नवमीला आमच्याकडे अवजारांची पूजा असते. विळी, कात्री, सायकल, शिलाई मशीन, सगळ्यांना हळदकुंकू लागतं आणि दसऱ्यापर्यंत विश्रांती मिळते. फ्लॉपीलाही लागलं होतं. पण वरच्या प्लास्टिकला नाही. आत्यानं पत्र्याचं ते इवलं झाकण सरकवलं होतं आणि गाणी जिच्यावर उतरली होती त्या आतल्या काळ्या चकतीवर कुंकवाचं ठसठशीत बोट टेकवलं होतं.

"अवो आत्या, आत काहून लावलं?"

"मग, झाकणाले लावू? जीव आत असते."

जीव आतच होता. आता होता म्हणायचा.

मी चूळ भरली, बाह्या सरसावल्या आणि बटण दाबलं. पंखा घरघरला, पडद्यावर आकडे धावले, मग 'प्रायमरी मास्टर' अशी अक्षरं उमटली आणि त्यापुढे 'नन', कोणी नाही. म्हणजे ज्या डिस्कमध्ये सगळा संसार भरून ठेवलाय, ती डिस्क त्याला दिसतच नव्हती.

"काय म्हणून राह्यला तो?"

"म्हणते, मास्तर नाही."

"मास्तरीण समोर उभी आहे म्हण त्याले!"

एवढ्यात शेजारचे भाईसाब आले. वनखात्याची जीप चालवत. जगातल्या सगळ्या यंत्रांकडे ते जीप म्हणूनच पाहत. त्यांनी कंप्युटरभोवती एक चक्कर मारली, वाकून वास घेतला आणि निदान केलं, "बैटरी बैठ गई है, बहनजी. धक्का लगाना पड़ेगा."

मी हसलो. मग आठवलं, की याच्या पोटात खरंच एक बॅटरी असते, चार आण्याच्या नाण्याएवढी. ती बसली की हा आपली ओळखपाळख विसरतो. भाईसाबांना कळू न देता मी ती बदलली. काही फरक नाही. मेमरीची पट्टी काढून खोडरबरानं अशी चमकवली, की तिच्यात पाहून भांग पाडता आला असता. फरक नाही. डिस्कला करंट देणारी वायर काढून दुसरी लावली. कानाशी धरल्यावर डिस्क आत छान फिरताना ऐकू येत होती, मांडीवरच्या मांजरासारखी. पण पडदा म्हणे, नन.

"सौंसरले, गोंदियाले, कोणाकडं तरी नेऊन पाह्य," आत्या म्हणाली.

"माझा पेशंट? दुसऱ्याच्या दवाखान्यात? त्यापेक्षा वैनगंगेत बुडवतो."

"याले की तुले?"

कपाटात एक जुनी, लहानशी डिस्क होती, चांगली चालती. गाण्यांची डिस्क सोडवून मी तिच्या जागी ती लावली. पुन्हा नन! आणि मी ओरडलो. आनंदानं. आत्याला वाटलं, शॉक लागला. तिनं लाकडी पाट उचलला.

"मारू नको! आत्या, डिस्क मेली नाही. दोन डिस्का एकाच दिवशी एका रोगानं नाही मरत. गाव जागेवर आहे, रस्ता बिघडला आहे!"

रस्ता म्हणजे डिस्कपासून मदरबोर्डपर्यंत जाणारी पट्टीसारखी केबल. चपटी, राखाडी, आणि एका कडेला लांबच्या लांब लाल रेघ. मी मान डब्यात घातली आणि पहिल्यांदाच नीट पाहिलं. एरवी या डब्यात भरवेलीच्या मँगनीजच्या खाणीत नसेल एवढी धूळ. आज आत आरशासारखं लख्ख! कुंकवाचा वास. आणि ती केबल, जी मी कशीही कोंबलेली असे, ती आता कपाटातल्या साडीसारखी घडीवर घडी घालून ठेवलेली. लाल रेघ व्यवस्थित बाहेर, सगळ्यांना दिसेल अशी.

मी हळूच मान बाहेर काढली.

"आत्या, नवमीले याले आतून पुसलं का तू?"

"पुसणार नाही? पूजेले काय घाणेरडाच बसवू? चार पेच तं होते, चाकूनं काढले."

"आणि ही पट्टी?"

"लय चुरगळली होती. काढली, पुसली, घडी घातली, लावली. काठ बाहेर घेतला."

"काठ?"

"लाल काठ. काठ आत दाबून कोणी घडी घालते का?"

जन्मभर जिनं साडीची घडी काठ बाहेर ठेवून घातली, तिला ही राखाडी पट्टी लाल काठाची दिसली तर नवल नाही. मलाही त्या दिवसापासून तशीच दिसते. पण त्या जुन्या केबलला खाच नसे, उलटी लावली तरी गपगुमान बसे. लाल रेघ मदरबोर्डवरच्या पहिल्या पिनेकडे हवी, तरच डिस्क आणि डबा एकमेकांशी बोलतात. काठ छान दिसावा म्हणून आत्यानं त्या टोकाला केबल फिरवून बसवली होती. तेव्हापासून दोघंही आपापल्या तोंडानं बोलत होते आणि ऐकत कोणीच नव्हतं.

मी समजावून सांगितलं. भाईसाबांनी "हाँ, हाँ, वायरिंग" म्हणून मान डोलावली. आत्यानं शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं.

"मंजे काठ आतच राहते?"

"हौ."

"कोणाले दिसत नाही?"

"नाही."

"मंग लाल कायले केला?"

मी पुन्हा डब्यात मान घातली.

मी घडी मोडली, लाल काठ आत फिरवला, गाण्यांची डिस्क परत जोडली आणि छाती फुगवून बटण दाबलं. आकडे धावले. प्रायमरी मास्टर. ठिपके. आणि 'नन'च्या जागी डिस्कचं लांबलचक नाव, नंबरासकट! भाईसाबांनी टाळी वाजवली. गाडी नैनपूरला पोचेल एवढ्या वेळानं पडदा उजळला, आणि मी गाण्यांची फाइल उघडली.

आत्या खुर्चीवर बसली. चष्मा लावला. बाकीच्या गाण्यांकडे तिनं पाहिलंही नाही, मला खाली-खाली सरकवायला लावत थेट नदीशी आली. तिचे ओठ हलू लागले, मग बारीक आवाजात चाल लागली. काचेवर बोट ठेवत ती एकेक ओळ पुढं जात होती. पाण्यात पाय टाकला. क्षणभर थांबली. बोट पुढं सरकलं, आणि भुलाबाई पलीकडे गेली. काचेवर ताटलीतल्या हळदीचा एक लांब माग राहिला.

भाईसाबांनी टोपी काढली. मी मात्र गप्प बसणाऱ्यांतला नाही.

"पाह्यलं का भाईसाब?" मी म्हणालो. "दिल्लीहून इंजिनियर आले असते, तरी हात जोडून परत गेले असते. मेलेला माणूस अर्थीवरून उठवला मी! आत्या, आता खरं सांग. या जिल्ह्यात, नाही, नागपूर ते जबलपूर, आहे का तुह्या भाच्यासारखा डॉक्टर?"

आत्यानं चष्मा काढला, पदरानं पुसला.

"हौ," ती म्हणाली. "शेवटचं कडवं आहे. आता प्रिंटर लाव. त्यालेबी आतून पुसलं होतं म्या."