लाल अक्षरातलं नाव

कोरियातल्या मिर्यांगला शेतावर कामाला आल्यावर पहिले पंधरा दिवस जुनमाया तमांग कोरड्या भातावरच राहिली. मधोमध उकळतं भांडं आणि चारी बाजूंनी त्यात बुडणारे चमचे. सगळ्यांचं उष्टं! "अगं, आपले देव इथे व्हिसा काढून बघायला येत नाहीत, बुडव चमचा," असं खोलीतल्या धनकुमारी दिदीने बजावलं, तरी हात पुढे होईना. शेवटी मालकाच्या आईने, हाल्मोनीने, म्हणजे आजीने, स्वतःच्या चमच्याने मुळ्याचा तुकडा उचलून तिच्या भातावर ठेवला आणि तो गिळेपर्यंत टक लावून बघत बसली. जुनमायाने गिळला. बरा होता.

तेव्हापासून दोघींचं मेतकूट जमलं. केन्निपची, म्हणजे इथे रोज खातात ती वासाची, पानं तोडायला बायका पॉलीहाऊसमध्ये शिरल्या की हाल्मोनी विचारायची, "जेवलीस का?" हा इथला नुसता रामराम. जुनमायाला हे कुठलं ठाऊक? ती बिचारी लोणच्यापर्यंत सगळं सांगायची. म्हातारीला त्यातच गोडी वाटे. सून फोनवर, मुलगा खोक्यांच्या गडबडीत. तिला एवढं सविस्तर उत्तर देणारं दुसरं होतं कोण? हळूहळू ती जुनमायाला "पोरी" म्हणायला लागली, आणि आईविना वाढलेल्या जुनमायाला तो शब्द पगारापेक्षा मोठा वाटायचा. हे तिने दिदीलाही कधी सांगितलं नाही.

चौथ्या वर्षी हाल्मोनीचा ऐंशीवा वाढदिवस आला. जुनमायाने पहाटे उठून पुठ्ठ्यावर तिचं पूर्ण नाव लिहिलं, ओ सुन-रे. इथे यायच्या भाषेच्या परीक्षेसाठी घोटून घोटून तिचं कोरियन अक्षर मोत्यासारखं झालं होतं. आणि रंग? शुभकार्याला दुसरा कुठला असतो? लालभडक! पुठ्ठा दारावर लावून ती हौसेने बाजूला उभी राहिली.

सून बाहेर आली आणि किंचाळलीच. "जिवंत माणसाचं नाव लाल रंगात? आईंच्या मरणावर टपलीस काय गं?"

तिने पुठ्ठा टराटरा फाडला. हाल्मोनी वाढदिवसाला करतात ते समुद्री शेवाळाचं सार तसंच टाकून आत निघून गेली.

करायला गेली गणपती आणि झालं माकड. पाच दिवस म्हातारी पॉलीहाऊसकडे फिरकली नाही. आता ही आपल्याला पुन्हा पोरी म्हणणार नाही, एवढंच जुनमायाच्या डोक्यात.

"माफीची दोन वाक्यं पाठ कर आणि मोकळी हो," दिदी वैतागली. "रडत तोडलीस तर पानं खारट होतील."

सहाव्या दिवशी हाल्मोनी आली आणि बुटक्या स्टुलावर बसली. जुनमायाने हात पुसले.

"हाल्मोनी, आमच्याकडे सुतकाला पांढरं असतं. लाल लग्नाचं. पत्रिकेवर नवरानवरीची नावं लाल असतात. तुम्ही खूप जगावं म्हणून मी..." पुढचं पाठांतर ती विसरली आणि रडायलाच लागली.

"गप. तुझ्यावर कोण रागावलंय?" हाल्मोनी म्हणाली. "माझा दादा लढाईत गेला. अठराचा होता. कचेरीतल्या मेलेल्यांच्या वहीत त्याचं नाव लाल शाईने लिहिलेलं बघितलं मी. नऊ वर्षांची होते. तुझा पुठ्ठा बघितला आणि तोच समोर आला. पाच दिवस दुसरं काही सुचेना."

दोघी बराच वेळ पानं तोडत राहिल्या. मग हाल्मोनीने विचारलं, "तुमच्याकडे लाल म्हणजे नक्की लग्नच ना?"

"हो."

"त्याचं जमत आलं होतं गं. पलीकडच्याच गावची मुलगी."

तिने पानांच्या खोक्याचं झाकण फाडलं आणि जुनमायाच्या मांडीवर ठेवलं.

"ओ गी-बोक नाव त्याचं. तुमच्या पद्धतीने लिही, पोरी. लाल."