बंद करतो, खोडत नाही

कोणी पासवर्ड टाकायला बसलं की आमचे दादा खुर्चीसकट भिंतीकडे तोंड फिरवायचे. "टाक बापा, मी नाई पाहून राहिलो." समोर शिपाई असो की संचालक, दादांचं तोंड भिंतीकडेच.

अमरावतीच्या एका पतसंस्थेत आम्ही दोघं कॉम्प्युटर सांभाळायचो. अकोला, मोर्शी, अचलपूर, सगळ्या शाखांमधल्या लोकांची नावं आमच्याकडे एकाच डिरेक्टरीत. तिथं नाव बंद झालं की त्या माणसाला कुठल्याच शाखेत कॉम्प्युटर उघडत नाही. हे काम दादांचं, आणि त्यात माणूस भलताच खडूस! एका मॅनेजरच्या निरोप समारंभात साहेब पडद्यावर स्वतःचेच फोटो दाखवत होते. पाच वाजले आणि पुढचा फोटो उघडेना. साहेब लालबुंद. दादा चिवडा खात म्हणाले, "रिटायर झाले ना तुमी? मंग?"

अकोला शाखेत कंत्राटावरची एक मुलगी होती. तिला किडनीचा आजार निघाला. रजा संपली तरी ती येऊ शकली नाही. आमच्याकडे कंत्राटांची मुदत वाढायची ती डिरेक्टरीतल्या नावांवरून. नाव बंद असलं तरी चालायचं, पण खोडलं की नोकरी गेली.

नवे मॅनेजर पुण्याचे. म्हणाले, "तिचं नाव काढून टाका."

"बंद करतो साहेब. खोडत नाही."

"का?"

"पोरगी वापस येईन. एकदा खोडलं का मंग तेच नाव टाका, मशीन तिले वळखत नाही. नवीनच मानूस समजते."

"जबाबदारी तुमची."

"माहीच."

त्यानंतर साहेब दादांशी कामापुरतंही बोलेनात. दादांना त्याचं काही नव्हतं. दर सोमवारी ते अकोल्याला फोन लावायचे. "नाव हाये तुहं. तू फक्त बरी होय वो माय." मला तर हे जरा अतीच वाटायचं. डिरेक्टरीतल्या नावानं कोणी बरं होतं का हो?

मुलगी ऑपरेशनसाठी नागपूरला गेली आणि त्याच आठवड्यात दादा गेले. जेवता जेवता छातीत दुखलं, दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं. अशा अवस्थेत तिला कशाला कळवायचं, म्हणून आम्ही गप्प राहिलो; तिनं विचारलंच तर दादा रजेवर आहेत, असं सांगायचं ठरलं.

दिवाळीनंतर ती अकोल्याला कामावर रुजू झाली. मी इथून तिचं नाव चालू केलं. तिकडे कॉम्प्युटर उघडला. फाइली, अधिकार, सगळं जसंच्या तसं. फोनवर तिला हसू आवरत नव्हतं.

"दादाले द्या न फोन. त्याइले सांगतो, मी आली म्हणून."

मी सांगितलं.

ती म्हणाली, "मंग मी आली, हे आता कोनाले सांगू?"