सरासरी वैमानिकास झेपेल काय?

हेडली थ्वेट यांना राग यायचा तो जमिनीवर. हवेत त्यांचा आवाज चढलेला कोणी ऐकला नाही. इंजिन बंद पडल्याचंही ते विमानतळाच्या मनोऱ्याला बसची वेळ सांगावी तसं कळवत. लिंकनशायरमध्ये घोडागाड्यांची चाकं करणाऱ्या सुताराचा हा मुलगा. चौदाव्या वर्षी विमानाच्या कारखान्यात कानस घासायला लागला, लढाईत वैमानिक झाला आणि लढाईतून जिवंत उरल्यामुळे त्याच कारखान्यात चाचणी-वैमानिक. नवी विमानं पहिल्यांदा उडवायची आणि उतरल्यावर त्यांचे दोष लिहायचे, हे काम. यातल्या पहिल्या भागाबद्दल कारखाना त्यांचं फार कौतुक करी.

१९५३ साली डॉटरेल नावाचं लढाऊ जेट आलं. ताशी साडेसहाशे मैलांच्या पुढे त्याचं नाक आपणहून खाली जाई, ते वर ओढायला दांड्यावर दोन्ही हात आणि सगळं अंग लागे. दोष शेपटीत होता. चाचणीच्या फॉर्मवर शेवटी एक चौकट होती : 'सरासरी वैमानिकास झेपेल काय?' थ्वेटनी लिहिलं, 'नाही. मरेल.' टाइप होऊन आलेल्या प्रतीत त्याचं 'सवयीने झेपेल' झालं होतं. त्यांनी ते तीनदा खोडलं, तीनदा ते टवटवीत होऊन परत आलं.

मुख्य अभियंता पेलिंग म्हणाले, आधी वेगाचा विक्रम होऊ द्या, मग शेपटी बदलू. थ्वेटनी विश्वास ठेवला. आयुष्यभर त्यांना या गोष्टीची लाज वाटली. जूनमध्ये त्यांनी शंभर किलोमीटरच्या गोल फेरीचा विक्रम मोडला. वर्तमानपत्रात फोटो आला. दुसऱ्या दिवशी ते पेलिंगच्या खोलीत उभे.

"शेपटी कधी बदलताय?"

"कशासाठी?" पेलिंगनी पाइप पेटवला. "दोष असता तर विक्रम झाला असता का?"

"मी दोन्ही हातांनी धरून ठेवलं म्हणून झाला!"

"मग येतंय की उडवता."

"मला येतंय. फॉर्म एकोणीस वर्षांच्या पोरांबद्दल विचारतोय."

"थ्वेट, तुम्ही पडलात विक्रमवीर. सरासरी माणसाला काय झेपतं ते तुम्हाला कुठून कळणार?"

थ्वेटच्या कानशिलावरची शीर ताडताड उडू लागली. बारा वर्षं कमावलेला हात त्यांच्याच विरुद्ध साक्ष देत होता. सोमवारी पहिली अठरा विमानं हवाई दलाकडे जायची होती.

शुक्रवारी दुपारी ते विक्रमाच्याच विमानात चढले. पट्टे आवळताना मेकॅनिक ऑग्डननं त्यांच्याकडे निरखून पाहिलं.

"साहेब, आज कोणाला खायला निघालात?"

"ऑग्डन, पुस्तिकेत दांडा किती हातांनी धरायचा लिहिलंय?"

"एका. दुसरा थ्रॉटलवर."

"मग आज एकाच हातानं."

ऑग्डनचे हात थांबले. "डोकं फिरलंय का तुमचं? तुमच्या बायकोला मी काय सांगू?"

"पुस्तिका वाचत होता म्हणावं."

समुद्रावर वीस हजार फुटांवर नाक खाली गेलं. एखादं नवखं पोर गोंधळून थांबेल तेवढे, तीन सेकंद, थ्वेट काहीही न करता थांबले. बारा वर्षांत त्यांनी केलेलं हे सगळ्यात अवघड काम. मग एका हातानं ओढलं, शेवटी दोन्ही हातांनी, तरी विमान ऐकेना. ते वर आलं तेव्हा खाली दोन हजार फूट उरले होते आणि पंखांच्या पत्र्याला सुरकुत्या पडल्या होत्या.

पेलिंग जेवणावरून उठून, गळ्यात नॅपकिन तसाच, धावत आले.

"काय करून ठेवलंत हे! प्रदर्शनात ठेवायचं विमान!"

"सरासरी माणसासारखं उडवलं."

"मुद्दाम मोडलंत!"

"मुद्दाम मोडायला आत बसावं लागतं, मिस्टर पेलिंग. तुम्ही कधी बसलायत?" थ्वेटनी विमानाची उंची टिपणाऱ्या नोंदयंत्राची फीत त्यांच्या हातात कोंबली. "ही घ्या. आणि हिला टाइप करायला पाठवू नका!"

पेलिंगनी फीत वाचली. ती खाली उतरणारी रेघ बघून त्यांनी नॅपकिननं कपाळ पुसलं. इकडे थ्वेटना शिरस्त्राणाचा पट्टा सुटेना. शेवटी ऑग्डननं तो सोडवला. सोडवताना त्यानं साहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला आणि साहेबांनी तो ऐकून घेतला.

सोमवारी अठरा विमानं गेली नाहीत. त्याच दिवशीच्या टपालानं थ्वेटना कामावरून काढल्याचं पत्र आलं. पाच महिन्यांत शेपटी बदलली आणि सुधारणेला पेलिंग यांचं नाव लागलं.

पुढे थ्वेट एका क्लबात ग्लायडर शिकवत. एका दुपारी गावच्या पबमध्ये सुट्टीवरचा एक कोवळा वैमानिक मित्राला सांगत होता, "डॉटरेल? कोणीही उडवेल रे. मजाच नाही त्यात." थ्वेट असे भडकले, की मालकाला त्यांना दंडाला धरून बाहेर न्यावं लागलं. आपलं काय चुकलं, हे त्या पोराला शेवटपर्यंत कळलं नाही.