चौकातलं मौन

लेकीकडे इंग्लंडला गेले की शनिवारी मी तिच्या शेजारच्या रूथबाईंबरोबर बाजारचौकात जाते. रूथबाई क्वेकर आहेत. त्यांच्या पंथात पुजारी नाही, आरती नाही. माणसं एकत्र बसून मौन पाळतात आणि युद्ध कुणाचंही असो, त्याला नाही म्हणतात. चौकातही ही चार-सहा म्हातारी माणसं शांततेसाठी थंडीत तासभर मुकाट उभी असतात. लोक पिशव्या सांभाळत पुढे निघून जातात.

"कधीपासून उभ्या राहता?" मी एकदा विचारलं.

"लग्नाआधीपासून," त्या म्हणाल्या. "एक युद्ध थांबतं, तोवर दुसरं सुरू होतं. थकले आता."

इतकं थकल्यावर माणसानं घरी बसावं, असं मला वाटून गेलं. चांगुलपणालाही कधीतरी निवृत्ती हवीच ना?

परवा एक तरुणी तरातरा समोर आली. "माझा भाऊ लढाईवर आहे. तुमच्या अशा उभं राहण्यानं तो घरी येणार आहे का?"

आता रूथबाई तिला काहीतरी समजावतील, असं मला वाटलं. त्या फक्त "नाही" म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "नाव काय गं त्याचं?"

"टॉम," ती म्हणाली, आणि नाव उच्चारताच रडू लागली. रूथबाई किंचित सरकल्या. ती त्या जागेत येऊन उभी राहिली.

तास भरला. एरवी सगळे लगेच चहाला निघतात, गुडघे बोलत असतात. त्या दिवशी कुणीच हललं नाही.