एक खुर्ची, दोन पुतणे आणि क्वालिटीवाली शुभांगी

आमच्या कारखान्यात कटिंगच्या टेबलाखाली एक पोतं ठेवलेलं असतं. सकाळी रिकामं. दिवसभर ते कुणी मुद्दाम भरत नाही, पण संध्याकाळी बघावं तर चिंध्यांनी गच्च! किश्शांचंही तसंच आहे. कुणी जमवायला बसत नाही, आणि वर्षभरानं बघावं तर पोत्याचं तोंड बांधता येत नाही. म्हणून म्हटलं, थोडं सैल करावं.

आधी माणसं सांगते. कंपनीचं नाव सांगत नाही, नाहीतर ही जाहिरात होईल. आम्ही लग्नाचे कपडे बनवतो. शिलाई लातूरला, मोठं शोरूम नांदेडला. मालक आबा. पूर्वी स्वतः शिंपीकाम करायचे, आता लोक त्यांना चेअरमन-कम-एमडी म्हणतात. आबांना मूलबाळ नाही, दोन पुतणे आहेत. मोठा महेशदादा लातूरचा कारखाना सांभाळतो. धाकटा विक्रांत नांदेडचं शोरूम आणि स्वतःचे केस.

मी शाळेपासून बाहेरच. बोर्डिंग उटीला, फॅशनचं शिक्षण मिलानला. बरोबरच्या मुली तिकडेच राहिल्या, मी परत आले. नांदेडला घरी सगळ्यांनी कपाळाला हात लावला. पण माझं म्हणणं तेव्हाही सरळ होतं, आजही आहे: कापूस आपला, हात आपल्या मुलींचे, मग शिवायला त्यांनी पुण्याला का जायचं? इथं शिवा आणि इथून जगात पाठवा!

तर मी इथं डिझायनर म्हणून रुजू झाले त्याच महिन्यात आबांनी चहा पिता पिता जाहीर केलं, "पुढच्या दिवाळीनंतर मी खुर्ची सोडणार. एमडी तुम्हा दोघांतला एक."

झालं! युद्ध सुरू. महेशदादाचं म्हणणं, एक एक टाका लातूरलाच पडला पाहिजे. विक्रांतचं म्हणणं, बाहेरून स्वस्तात शिवून आणू, आपण फक्त लेबल लावू. म्हणजे विक्रांत बसला की मशीन हॉलला कुलूप. मी कुणाच्या बाजूची होते, हे सांगायला नकोच.

आणि दुसरं युद्ध होतं शुभांगीवरून. शुभांगी उदगीरची, क्वालिटी डिपार्टमेंटची हेड. दोन्ही पुतणे तिच्यासाठी वेडे! कॅन्टीनचं ठाम मत होतं, "खुर्ची ज्याची, शुभांगी त्याची."

* * *

पहिल्याच बोर्ड मीटिंगमध्ये मी पर्यावरणपूरक कापडावर प्रेझेंटेशन केलं. पृथ्वी, पाणी, पुढच्या पिढ्या, सगळं. स्क्रीनवर शेवटची स्लाइड आली, 'सस्टेनेबल फॅशन'.

आबांनी स्क्रीनवरची अक्षरं जुळवून वाचली. मग म्हणाले, "पोरी, लई चांगलं सांगितलंस. फक्त एक सांग, हे सस्टेनेबल धुतल्यावर आटतंय का?"

मला माहीत नव्हतं!

दुसऱ्या दिवशी मी स्वतः कापड भिजत घातलं. आटलं.

* * *

आमच्याकडे शुभांगीच्या टेबलावर प्रत्येक कपड्याचे तीन निकाल लागतात. पास, अल्टर म्हणजे दुरुस्तीला परत, आणि रिजेक्ट. तिच्यापुढे वशिला चालत नाही. एकदा तिनं आबांच्या अंगातल्या नेहरू शर्टालाच दोष दाखवणाऱ्या लाल बाणाचं स्टिकर लावलं होतं, आबा चालत असताना!

विक्रांतनं तिच्यासाठी कुर्ता डिझाइन केला. मोरपंखी, गळ्याला बारीक जरी. हातात द्यायची हिंमत झाली नाही, म्हणून त्यानं तो गुपचूप त्या दिवशीच्या तयार मालात घुसवला. वर चिठ्ठी, 'फक्त तुझ्यासाठी'.

शुभांगीनं चिठ्ठी बाजूला ठेवली. कुर्ता उलटा केला, शिवण ताणली, बटण ओढलं. बटण हातात आलं. तिनं गळ्याला, बाहीला, घेराला लाल बाण लावले आणि कुर्ता शिलाईच्या लाइनला परत पाठवला.

महेशदादा दिवसभर हसत होता. "प्रेम रिजेक्ट झालंय त्याचं!"

विक्रांत मात्र खाली मान घालून मशीन हॉलमध्ये गेला. ज्या हॉलला कुलूप लावायची भाषा करायचा, तिथं स्टूल ओढून बसला आणि बायकांकडून बटण लावायला शिकला. बोटाला सुई लागली की पूर्ण हॉल एका सुरात, "आईगं!"

कुर्ता पुन्हा गेला, पुन्हा परत आला. पुन्हा गेला. शेवटी एकदाचा शुभांगीनं तो उजेडात धरला आणि म्हणाली, "पास." एवढंच!

त्या दिवशी विक्रांतनं पूर्ण हॉलला उसाचा रस पाजला.

* * *

महेशदादाची तऱ्हा वेगळी. तो गुलाब-बिलाब देणाऱ्यातला नाही. त्यानं शुभांगीच्या डिपार्टमेंटला नवीन ट्यूबलाइट बसवून दिल्या. दोन्ही बाजूंनी, सावली न पडणाऱ्या!

बसवून झाल्यावर तो दाराशी उभा. कॉलर नीट केली आणि विचारलं, "कसं वाटायलंय?"

शुभांगी मनापासून खूश झाली. वर बघत म्हणाली, "लई भारी, सर! आता बारीकातला बारीक दोष दिसतोय." आणि मग त्याच्याकडे बघून, "तुमच्या शर्टाची इस्त्री राहिलीय."

* * *

नवीन डिझाइन बाजारात काढायच्या आधी मोठ्या कंपन्या सर्व्हे करतात. आबा सर्व्हे करत नाहीत. त्यांची पद्धत म्हणजे नवीन कपडा अंगात घालून कुणाच्या तरी लग्नात जायचं, जेवण झाल्यावर हात धुतात तिथं उभं राहायचं आणि ऐकायचं. "कुठून घेतला हो?" असं पाहुण्यांनी आपणहून विचारलं की माल बाजारात.

यंदाची शेरवानी घेऊन आम्ही लोह्याला गेलो. आबांच्या ओळखीतल्या कुणाच्या तरी मुलाचं लग्न. दोघा पुतण्यांच्या अंगात नवीन शेरवान्या. महेशदादानं साधी निवडलेली, विक्रांतनं अंगभर नक्षीची, वरून फेटा, डोळ्याला गॉगल.

आमची गाडी मंगल कार्यालयाच्या दारात थांबली आणि विक्रांत आधी उतरला. दारात मुलीकडच्या बायका ताटं घेऊन उभ्याच होत्या. नवरदेव मारुतीच्या देवळात अडकलेला, पण ते त्यांना कुठं माहीत? बँडवाल्यानं विक्रांतला बघितलं आणि लगेच वाजवायला सुरुवात केली. नारळ ओवाळून फोडला. पाच जणींनी ओवाळलं, कपाळाला कुंकू लावलं. एक काकू डोळ्याला पदर लावून दुसरीला म्हणाली, "फोटोपेक्षा उजळ हाय गं!"

विक्रांत म्हणत होता, "अहो मी न्हाई, मी न्हाई," पण बँडपुढे कोण ऐकणार!

महेशदादानं पूर्ण व्हिडिओ काढला आणि तिथूनच कंपनीच्या ग्रुपवर टाकला. मिनिटाच्या आत शुभांगीचा मेसेज आला, 'अभिनंदन सर. वहिनी कुठायत?'

विक्रांतला जेवण गेलं नाही. परतीच्या वाटेवर तो गाडीत काचेला डोकं टेकून बसला होता. पुढच्या सीटवरून आबा वळले. मला वाटलं, पोराला समजावतील.

आबा म्हणाले, "पाहुणे नवरदेव समजले म्हणजे माल पास! सोमवारपासून काढा बाजारात."

* * *

बोर्डावर चौथी व्यक्ती म्हणजे आक्का, आबांची मोठी बहीण. राहते निलंग्याला. मतं समान पडली तर आक्का जिकडे झुकेल तिकडे निकाल, हे दोघांनाही कळत होतं. त्यामुळे दिवाळीनंतरच्या त्या शेवटच्या मीटिंगच्या दिवशी आक्काच्या दारात सकाळीच दोन गाड्या. एक महेशदादाची, एक विक्रांतची. दोघंही स्वतः चालवत आलेले.

आक्का पिशवी घेऊन बाहेर आली. दोन्ही गाड्या बघितल्या. "एकाच्या गाडीत बसले तर दुसरा रुसणार. आणि एसटीत मला हाफ तिकीट हाय." असं म्हणून चालत स्टँडवर गेली आणि लातूरच्या बसमध्ये खिडकीशी बसली!

आता हे दोघं काय करणार? बस निघाली, तिच्या मागं महेशदादाची गाडी, त्याच्या मागं विक्रांतची. बस थांबली की दोघं थांबायचे, पाण्याची बाटली घेऊन खिडकीशी धावायचे. शेवटी कंडक्टर घाबरला. प्रवाशांना विचारू लागला, "बसमध्ये कुणी मोठं माणूस हाय का हो? मागं पायलट गाड्या लागल्यात!"

आक्कानं तिकीट पुढं केलं. "हाव. हाफ."

* * *

आणि मग ती मीटिंग. मी मिनिट्स लिहायला होते. मी डोळ्यांनी बघितलंय.

त्याआधी एक सांगायला हवं. आठवडाभर आधी कॅन्टीनमध्ये कुणीतरी शुभांगीला लग्नावरून छेडलं होतं. दोघं पुतणे शेजारच्या टेबलावर डबा खात होते. शुभांगी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "लग्न करीन की! पण ही नोकरी सोडणार न्हाई. नोकरी सोड म्हणणारा नवराच मला नको."

तर मीटिंग. आमची बोर्डरूम म्हणजे मशीन हॉलचाच एक कोपरा, मध्ये प्लायवूडची भिंत. आबांनी खुर्चीवर हात ठेवला. "मत द्यायच्या आधी एक अट ऐका. जो ह्या खुर्चीत बसंल, त्याची बायको इथं पगारावर राहणार न्हाई. मालकाची बायकोच माल तपासायला बसली तर कारागिरानं तक्रार कुणाकडं करायची? तुमची काकू काज-बटण करायची. कंपनी झाली त्या दिवशी ती मशीनवरून उठली. ही अट मोडायची न्हाई."

मी दोघांची तोंडं बघत होते. दोघांनाही तो कॅन्टीनचा डबा आणि शुभांगीचं ते वाक्य आठवत असणार.

विक्रांत खाकरला. "आबा, मी काय म्हणतो, दादा मोठा हाय. मान त्याचा."

महेशदादा ताडकन उठला. "मोठा असून काय उपयोग? धंदा विक्रांतनं वाढवला! बसवा त्यालाच."

"मला शिलाईतलं काय कळतंय?"

"मला इंग्रजी येत न्हाई!"

"मला राग लवकर येतो!"

"मला येतच न्हाई! एमडीला राग नको का?"

मी पेन खाली ठेवलं. मिनिट्समध्ये हे लिहायचं कसं? आबांचं तोंड उघडंच. "अरे, वर्षभर एकमेकाच्या उरावर बसलात ह्या खुर्चीपायी, आणि आता काय झालंय तुम्हाला?"

मतं घेतली. महेशदादानं विक्रांतला दिलं, विक्रांतनं महेशदादाला. आबा वैतागून म्हणाले, "नको म्हणणाऱ्याला मी तरी कसं बसवू? आक्का, तूच सांग बाई."

आक्कानं अडकित्त्यात सुपारी धरली. "मी निलंग्याला असते, मला काय ठाऊक? रोज बघणाऱ्या माणसाला विचारा. बाहेर कोण उभं हाय गं? आत ये."

आत आली शुभांगी! सँपलवर आबांची सही घ्यायला प्लायवूडच्या पलीकडे थांबलेली. किती वेळ थांबलेली, देव जाणे.

"पोरी," आक्का म्हणाली, "तू ह्यांना रोज बघतीस. खुर्चीत कोण बसावा?"

आक्काच्या पाठीमागं दोघंही जिवाच्या आकांतानं हात हलवत होते, 'माझं नाव नको! माझं नको!'

शुभांगीनं आधी एकाकडं बघितलं, मग दुसऱ्याकडं. कॉलरपासून खालपर्यंत. मग शांतपणे म्हणाली, "महेश सरांना बसवा, आक्का. कारखाना त्यांच्याकडं नीट राहील. मशिनी इथंच राहतील."

माझ्या मशिनी वाचल्या होत्या, आणि मला टाळ्या वाजवायचंही भान नव्हतं. पुढच्या क्षणी विक्रांत खुर्चीसकट उडाला! "बरोबर! एकदम बरोबर!" त्यानं आबांना मिठी मारली, आक्काच्या पाया पडला, माझा हात इतका हलवला की टेबलावरचं पेन खाली पडलं, आणि पेढ्यांचा बॉक्स घेऊन मशीन हॉलमध्ये पळत सुटला. महेशदादा एमडीच्या खुर्चीत असा टेकला, जणू दाढ काढायला बसवलंय.

आक्कानं चष्म्यावरून शुभांगीकडं बघितलं. "बघून सांगितलंस ना गं? परत बदलता येणार न्हाई."

"क्वालिटीत हाय मी, आक्का," शुभांगी म्हणाली. "दोनदा बघितल्याशिवाय तोंड उघडत न्हाई." आणि आबांची सही घेऊन कामाला निघून गेली.

त्या दिवशीचा फोटो आमच्या रिसेप्शनमध्ये लावलाय. नव्या एमडीसाठी आणलेला हार विक्रांतनं त्या आनंदात स्वतःच्याच गळ्यात घालून घेतला होता, तो तसाच फोटोत आलाय. शेजारी महेशदादा, हात बांधून, मान खाली. नवीन कुणी कामावर आलं की आम्ही त्याला फोटोपुढं उभं करतो आणि विचारतो, "सांग, ह्यातला एमडी कोण झाला?"

अजून एकाचंही उत्तर बरोबर आलेलं नाही.